तोंडातल्या चुका

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगण्याआधी खोलीत कोण कोण उभं आहे ते एकदा बघून घ्यावं. बारक्याच्या डॉक्टरांनी बघितलं नाही. उशाशी आई, दाराला टेकून दादा, हातात थर्मामीटर धरलेली वहिनी, एवढी फौज हजर असताना त्यांनी रक्ताच्या तपासणीच्या कागदाची घडी घातली आणि हसत म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. मोनो म्हणतात याला. तरुण पोरांना होतो. त्याचं लाडाचं नाव आहे, चुंबनाचा ताप."

आईने उशी सारखी केली. उशी आधीच सारखी होती. डॉक्टर पुढे बरंच महत्त्वाचं बोलले. पोटातली प्लीहा सुजली आहे, जड काही उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, ताप उतरला तरी थकवा महिनाभर पिच्छा सोडणार नाही. पण ते कुणाच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ. डॉक्टर जिना उतरले आणि दादाच्या नाकातून हसू फुटलं.

"अगंबाई!" वहिनी म्हणाली. "भावोजी, कोण हो ती?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. कुणी नाही. आत्ता नाही, मागे नाही, कधीच नाही. पंचविशी उलटून गेलेल्या बारक्याच्या ओठांना आजवर कपबशी आणि चमचा यांच्यापलीकडे फारसं काही लागलेलं नव्हतं. पण त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या, गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बोलणं म्हणजे शिक्षाच होती. म्हणून तो बोलला नाही. इथवर त्याचा काही दोष नाही. दोष पुढचा आहे. तो हसला.

हसला म्हणजे नुसता ओठाचा एक कोपरा वर गेला. पण घरातल्यांना तेवढं पुरलं. "बघ, बघ, कसा हसतोय!" दादा ओरडला. आई "पुरे रे" म्हणाली, पण तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी उजळलंच. तो उजेड बारक्याने पाहिला. या घरात त्याची जागा ठरलेली होती. तो बिचारा. स्वभावाने गरीब, कामाला वाघ, पण बाईमाणसासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्याचं कसं व्हायचं, हा विषय घरात चहाइतका नेमाने निघायचा. आणि आज पहिल्यांदाच सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही हा गडी आपल्याला वाटला त्यापेक्षा बराच पोचलेला निघाला. अंगात ताप असताना माणसाला थंड पाण्याची पट्टी जशी सुखाची वाटते, तसं त्याला ते बघणं वाटलं. ती पट्टी त्याने काढली नाही.

घर वर आणि दुकान खाली. दादाचा धंदा जुने सोफे-खुर्च्या सोलून नवं कापड चढवून द्यायचा. दादा आणि बारक्या सांगाडा दुरुस्त करायचे, पट्टे ताणायचे, फोम बसवायचे, कापड ठोकायचे. वहिनी शिलाई मशीनवर कव्हरं आणि गाद्यांच्या किनारी शिवायची. कापडाचे नमुने घेऊन आठवड्यातून एक-दोनदा मोठ्या कापडदुकानातली एक मुलगी यायची. तिला सगळे नमुनेवाली म्हणत. "नमुनेवाली आली, आमचा नमुना कुठे गेला बघा," असं वहिनी बारक्याकडे बघून म्हणायची आणि बारक्या सोफ्यामागे जाऊन उगाच वाकून काहीतरी शोधायचा.

नमुनेवाली बोलायला मोकळी होती. जाड जाड नमुन्यांच्या वह्या काखेत मारून ती यायची, बोटाने कापड चोळून "हे दोन वर्षांत विटेल, घेऊ नका" असं आपल्याच मालाबद्दल सांगायची. बारक्याला ती आवडायची. तिच्याशी त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं संभाषण एका मखमलीच्या रंगाबद्दल झालं होतं. तो रंग वांगी की जांभळा, यावर तो सलग तीन वाक्यं बोलला होता आणि ती म्हणाली होती, "तुम्हाला नजर आहे." ते वाक्य तो अजून पुरवून पुरवून खात होता.

वहिनीने सूप भरवता भरवता एकेक नाव घ्यायला सुरुवात केली आणि "मग नमुनेवाली तर नव्हे?" असं विचारलं, तेव्हा बारक्याने तोंड भिंतीकडे वळवलं. लाजेने वळवलं, हे खरं. पण भिंतीकडे तोंड वळवल्यावर वहिनी काय समजेल हे त्याला ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. भिंतीकडे बघत त्याने मनात स्वतःची समजूत घातली, की मी कुठे हो म्हणालो?

ताप उतरला. मग खरा आजार सुरू झाला, कारण ताप असेपर्यंत माणूस आजारी दिसतो तरी. आता बारक्या दिसायला धडधाकट होता आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आला की भिंतीला धरून उभा राहात होता. शर्टाची बटणं लावून झाली की दम लागायचा. दुपारी झोपायचा, संध्याकाळी उठायचा आणि उठल्या उठल्या पुन्हा झोप यायची. खालून दादाच्या हातोडीचा आवाज यायचा. एकट्याचा. बारक्याचं काम आता वहिनी मशीन थांबवून करत होती. मोठा सांगाडा उलटा करताना तिचा "अहो, धरा ना नीट" असा आवाज वर ऐकू आला, की बारक्याला पांघरूण काट्यांचं वाटायचं. त्यात भर म्हणजे त्याला स्वतःलाच कळेना, की आपण खरंच थकलो आहोत की नुसतेच पडून राहायला सोकावलो आहोत. तो उठून बसायचा, "चल, आता खाली जाऊ" म्हणायचा, आणि पाय जमिनीला लागले की अंगातली सगळी ताकद कुणी चिमटीने ओढून घेतल्यासारखी निघून जायची. मग आडवा झाला की वाटायचं, नाटकी आहेस झालं.

त्यात चांगला वेळ एकच. वहिनी जेवण घेऊन यायची आणि थट्टा करायची. "लवकर बरे व्हा, कुणीतरी वाट बघत असेल." बारक्या गालात हसायचा. हळूहळू त्याला स्वतःलाही थोडं खरं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी जिन्यावर जड पावलं वाजली. दादा एका पिकल्या मिशांच्या गृहस्थाला घेऊन वर आला. गृहस्थाच्या काखेत नमुन्यांच्या वह्या होत्या. "हे कापडदुकानातले काका," दादा म्हणाला. "आरामखुर्चीचं कापड निवडायचंय. तुझी नजर चांगली, तूच सांग." आणि खालून गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून तो उतरून गेला.

"त्या नेहमी यायच्या त्या?" बारक्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तिला आता फिरतीवर पाठवत नाहीत. आत गोदामात बसते. गठ्ठे मोजते."

"का?"

"आता तुम्हीच का विचारता राव?" काकांनी डोळा मारला. मिशा पिकलेल्या माणसाने मारलेला डोळा फार वाईट दिसतो. "तुमच्या बंधूंनीच आमच्या मालकांना सांगितलं ना, हसत हसत. म्हणाले, तुमच्या नमुनेवालीने आमच्या पोराला आजारी पाडलं, आता औषधपाणी तुमच्याकडे. मालक तिथे हसले. पण नंतर म्हणाले, लोकांच्या घरी-दुकानी असली मुलगी पाठवायची म्हणजे आपलं नाव जायचं. नवीन दुकान उघडतंय, तिथलं सगळं तिच्याकडे द्यायचं ठरलं होतं. ते आता लांबलंच म्हणायचं. आणि आमची तिथली पोरं! ती दिसली की ओठांनी पुच पुच आवाज काढतात. मेली कार्टी."

"आणि त्या काय म्हणतात?" बारक्याने पांघरूण बाजूला सारून विचारलं.

"ती काय म्हणणार? नाही म्हणते. सगळेच नाही म्हणतात." काकांनी वही उघडली. "हे बघा, हे राखाडी कसं वाटतं?"

बारक्याने राखाडीवर बोट ठेवलं. लालवर ठेवलं असतं तरी त्याला समजलं नसतं. काका गेल्यावर तो पांघरुणात शिरला. त्याला घाम फुटला होता आणि तो आजाराचा नव्हता. आपण हसलो, आपण भिंतीकडे तोंड केलं. दोन्ही गोष्टींना आवाजसुद्धा झाला नव्हता. आणि तिकडे एका मुलीचं फिरतीचं काम गेलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की आई पाणी घेऊन आली तेव्हा त्याने झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेणं त्याला आता चांगलंच जमायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्लीहा तपासायला आले. या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पोटावर बोटं दाबत ते म्हणाले, "उतरतेय सूज. आणखी थोडे दिवस दम धर."

"डॉक्टर, हा दुसऱ्या कशाने होतच नाही का?"

"दुसऱ्या कशाने म्हणजे?"

"म्हणजे... कुणाला जवळ न घेता."

डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "लाळेतून होतो. उष्टा पेला, उष्टा चमचा. एकाच्या तोंडातली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात, ओली असताना."

खाली दादाची हातोडी चालू होती. टक. मग जरा थांबून टक. त्या मधल्या थांबण्यात काय होतं ते बारक्याला न बघता माहीत होतं. त्यांच्या धंद्यातल्या बारीक, चपट्या डोक्याच्या खिळ्यांना चुका म्हणतात. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. मग चुका घ्यायला हात उरतो कुठला? म्हणून मूठभर चुका सरळ तोंडात टाकायच्या. जिभेने एकेक वळवून डोकं ओठांत आणायचं, हातोडीचं टोक चुंबकाचं असतं, ते ओठांना टेकवलं की चूक त्याला चिकटून येते. टक. कापड बसलं. तोंडातल्या उरलेल्या चुका तळहातावर थुंकायच्या आणि परत डब्यात. दादाचा दंडक होता, चूक वाया जाता कामा नये. डबा एक. हातोडी एक, आळीपाळीने वापरायची. दादाने डब्यात थुंकलेल्या चुका बारक्या ओल्याच्या ओल्या तोंडात टाकायचा, आणि कामाच्या घाईत दोघांनाही कधी काही वाटलेलं नव्हतं. बापापासून असंच चालत आलेलं.

बारक्याने हे सगळं सांगितलं. डॉक्टर आधी ऐकत राहिले, मग त्यांच्या खांद्यांनी हलायला सुरुवात केली. "अरे देवा. म्हणजे चुंबन नव्हे, चुंबक!" त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या दादाला हा लहानपणी कधीतरी होऊन गेला असेल. माणूस ठणठणीत असतो, पण लाळेत मधूनमधून उतरतो. तुम्ही दोघं भाऊ वर्षानुवर्षं... जाऊ दे. आधी तो डबा बंद करा."

डॉक्टर हसतच गेले. बारक्याला वाटायला हवं होतं, की सुटलो. हातात पुरावा होता. त्या मुलीचा काडीचा संबंध नाही, हे आता छातीठोकपणे सांगता येणार होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मला हा चुंबनाचा ताप माझ्या दादाकडून आला. वहिनी हसून हसून मशीनवर आडवी पडेल. दादा गावभर करेल. काही आठवडे का होईना, या घरात तो एक पोचलेला गडी होता, आणि आता बिचाऱ्याच्याही खालची जागा त्याला मिळणार होती. तेव्हा त्याने ठरवलं की उद्या सांगू. आज फार थकवा आहे. दुसऱ्या दिवशीही थकवाच होता. खरा होता की खोटा, ते तपासायची त्याची हिंमत झाली नाही. आणि ती मुलगी तिकडे गठ्ठे मोजत होती.

शेवटी लाजच त्याला उठवायला आली. सकाळी वहिनी ताट ठेवता ठेवता म्हणाली, "मी म्हणत होते, बरे झालात की त्यांच्या घरी जाऊन रीतसर विचारून येऊ. मुलगी मला पसंत आहे हो." तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती खरंच खुशीत होती. बारक्याने घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. हसू, भिंत, डबा, हातोडी.

वहिनी हसली नाही. ते त्याला जास्त लागलं. तिने दादाला वर बोलावलं. दादा मात्र पोट धरून हसला आणि हसून झाल्यावर म्हणाला, "बरं मग? आता विसरले असतील सगळे. उगाच जाऊन उकरून काढू नकोस. आणि मी काय सांगू तिथे, माझ्या थुंकीने झालं म्हणून? आपल्या दुकानात कुणी पाऊल ठेवेल का?"

"तू बोलायला नको होतंस दादा."

"आणि तू हसायला नको होतंस," दादा म्हणाला.

तेव्हा बारक्या एकटाच निघाला. वहिनी मागून "अहो, चक्कर येईल" म्हणत होती, तरी निघाला. एरवी जो रस्ता तो खांद्यावर फोमची गुंडाळी घेऊन पार करायचा, तो आज संपेना. मध्ये एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, पुढे एका खांबाला टेकला. येणारे-जाणारे बघत होते, हा कोण सकाळी सकाळी पिऊन आलाय. कापडदुकानात शिरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुकानात गिऱ्हाइकं होती, पोरं होती, गल्ल्यावर मालक होते. काका गठ्ठा उलगडत होते. बारक्या सरळ मालकांसमोर जाऊन म्हणाला, "तुमच्याकडच्या त्या ताईंचा माझ्या आजाराशी काही संबंध नाही. त्यांना परत कामावर घ्या. म्हणजे, फिरतीवर."

मालक चपापले. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. ते उठून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अंथरुणातून उठून आलास? तिच्यासाठी? शाबास. अरे, पण झाकायचं कशाला? चांगल्या घरचा मुलगा आहेस, सरळ लग्न करून मोकळे व्हा." पोरांमधून कुणीतरी पुच पुच केलं. एक गिऱ्हाईक बाई कौतुकाने मान हलवायला लागल्या. बारक्याला घेरी आल्यासारखं झालं. त्याच्या येण्याने गाठ सुटली नव्हती, आणखी आवळली होती. आता यातून एकच वाट राहिली होती, आणि तिच्यावरून जायचं म्हणजे अंगावरचे सगळे कपडे उतरवून जायचं.

"मी झाकत नाहीये," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, कारण मागच्या पोरांनाही ऐकू जायला हवं होतं. "मला आजवर कुणीही जवळ केलेलं नाही. कुठल्याच मुलीने. कधीच. हा रोग मला माझ्या दादाच्या थुंकीतून झाला. आम्ही चुका तोंडात धरतो आणि उरलेल्या परत डब्यात थुंकतो. त्याच्या तोंडातल्या मी माझ्या तोंडात घालायचो. घरचे थट्टा करायला लागले तेव्हा मी नाही म्हणालो नाही."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग समजलं. पोरं असली हसली, की एकाच्या हातातला गठ्ठा सुटून पायरीपर्यंत उलगडत गेला. "चूक झाली म्हणतो ती हीच का रे!" कुणीतरी ओरडलं. कौतुकाने मान हलवणाऱ्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मालकही हसले, पण त्यांचा हात बारक्याच्या खांद्यावरून निघाला आणि त्यांनी तो हळूच विजारीला पुसला. स्वतःबद्दल असलं काही कुणी बनवून सांगणार नाही, एवढं त्यांना कळलं होतं. "अरे, बोलवा तिला," ते म्हणाले.

बोलवायची गरज नव्हती. नमुनेवाली गोदामाच्या दारात उभी होती. केसांवर कापडाची धूळ होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

"उद्यापासून फिरतीवर जा तू," मालक तिला म्हणाले. "नव्या दुकानाचं मात्र आता मी भाच्याला सांगून बसलोय. पुढच्या वेळी बघू."

ती बरं म्हणाली. मग बारक्याकडे आली. त्याला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. इतक्या लोकांसमोर आपण स्वतःची अब्रू उतरवून ठेवली, तिला ते दिसलं असेल. लाजेने मान खाली असतानाही त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात ही आशा होती, आणि नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या आशेची.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

घसा सुजला होता म्हणून, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण इतकं बोलून झाल्यावर आता तेवढ्याच्या आड लपायचं कशाला.

"बरं वाटत होतं," तो म्हणाला.

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर त्याला सोपं गेलं असतं. "मला वाटलं, तुम्हाला यातलं काही माहीतच नसेल," ती म्हणाली. "तापात पडला असाल, घरच्यांनी आपलं आपलंच काहीतरी ठरवलं असेल. ही पोरं काहीबाही बोलायची तेव्हा मी सांगायचे, तुम्ही त्यांना ओळखत नाही, ते असले नाहीत. भांडले मी यांच्याशी. रोज."

पोरं आता हसत नव्हती. एकजण खाली बसून उलगडलेलं कापड गुंडाळायला लागला होता.

ती परत गोदामात गेली. बारक्याला निघायचं होतं, पण पाय निघेनात. काकांनी कुठूनतरी एक खुर्ची आणून त्याच्या मागे सरकवली आणि तो तिच्यावर बसला. भर दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वाटेत, दादा न्यायला येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. आतून गठ्ठे मोजल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.